होय महाराजा म्हणणारी माणसं

मला राग विसरता येत नाही. बाबा म्हणतात, हा गुण आईकडून आला. आई म्हणते, बापाकडून. यात खरं कोण बोलत होतं ते कळायला मला बराच वेळ लागला.

आमच्या गावात, मालवणच्या किनाऱ्याला, देवाशी बोलायची एक रीत आहे. देवळात गाव जमतं. मानकरी हात जोडून पुढे उभा राहतो आणि खणखणीत आवाजात गावाचं म्हणणं देवाच्या कानावर घालतो. एकेक मागणी झाली की तो थांबतो, आणि मागे उभे असलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा." याला गाऱ्हाणं म्हणतात. मागून होकार आला नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून पोरंसुद्धा घसा फोडून ओरडतात. मीही ओरडले आहे. मासळी भरपूर मिळू दे म्हणून, चाकरमान्यांच्या नोकऱ्या टिकू देत म्हणून, कुणाची म्हैस हरवली म्हणून. मी बारावीला होते तेव्हा याच देवळात, याच मानकऱ्याने माझं नाव घेऊन सांगितलं होतं, "ह्या चेडवाक डाक्टर कर रे म्हाराजा." सगळा गाव व्हय म्हणाला आणि आईने पदराने डोळे टिपले.

त्या मानकऱ्याला तोंडावर मी अहो म्हणत आले, अजून म्हणते. आजोबा म्हणते. इथे मात्र मी त्याला म्हाताराच म्हणणार आहे. एवढी सूट मी घेतली तर देव रागावणार नाही.

साथ आली तेव्हा मी घाटावरच्या एका मेडिकल कॉलेजात शिकत होते. कॉलेज बंद झालं, हॉस्टेल रिकामं करायला सांगितलं आणि मी घरी येऊन बसले. ऑनलाइन लेक्चरला रेंज मिळावी म्हणून परड्यातल्या आंब्याखाली खुर्ची टाकून बसायची. येणारे-जाणारे विचारायचे, "डाक्टर, ह्या रोगाक औषध काय गो?" मला काही माहीत नसायचं. मग जिल्ह्याच्या रुग्णालयाला माणसं कमी पडू लागली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने यावं असा निरोप फिरला. आमच्या जिल्ह्यातले आम्ही काही जण गेलो. समाजसेवा वगैरे माझ्या डोक्यात फारशी नव्हती. आंब्याखाली बसून डाक्टर म्हणवून घ्यायचा कंटाळा आला होता, एवढंच.

काम साधं होतं आणि फार दमवणारं होतं. औषधोपचार डॉक्टर ठरवायचे. आम्ही बोटाला क्लिप लावून ऑक्सिजन बघायचा, म्हाताऱ्या माणसांना पाणी पाजायचं, पेज भरवायची, नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल आला की फोन धरून उभं राहायचं. आणि ज्यांना दम लागतोय त्यांना पालथं झोपवायचं. पालथं झोपलं की फुप्फुसाच्या मागच्या भागात हवा जाते. छातीखाली एक उशी, कमरेखाली एक. ऐकायला सोपं आहे. ज्याला श्वास मिळत नाही त्याला तोंड खाली करून झोप म्हणून सांगून बघा.

राहायची सोय रुग्णालयाजवळच होती. सुरुवातीच्या महिन्यांत मी एकदाच गावी गेले, तेही फाटकापर्यंत. आईने गडग्यावर, दगडी कुंपणावर, कपड्यांची पिशवी आणि लोणच्याची बरणी ठेवली आणि ती मागे पडवीत जाऊन उभी राहिली. अंगणाच्या या टोकावरून त्या टोकाला आम्ही ओरडून बोललो. मी बरणी उचलली आणि निघाले. घरात पाऊल टाकलं नाही, गडग्याखेरीज कशाला हात लावला नाही. पण येताना-जाताना मला कोणी तरी पाहिलं.

पुढच्या आठवड्यात चुलत भावाने मला फोनवर एक रेकॉर्डिंग पाठवलं. खाली लिहिलं होतं, "आयक, तुज्यावर गाऱ्हाणा घातल्यानी," आणि हसणारे चेहरे. त्याला त्यात गंमत वाटली होती. ड्यूटीवर जाण्याआधी पीपीई सूट चढवायच्या खोलीत, एका पायात बूट घातलेला असताना, मी ते ऐकलं.

"बा देवा म्हाराजा, आज गावावर जा काय संकट इला हा, ता तुका ठावक आसा."

"व्हय म्हाराजा."

"जो कोण भायरसून ही पिडा गावात हाडता, तो आपलो असो नायतर परको असो, तेका तू शिवेभायर ठेव. तेच्या घरादारापासून ह्या रयतेक लांब ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

जो कोण ही पीडा गावात आणतो त्याला शिवेबाहेर ठेव, एवढंच; नाव घेतलं नव्हतं. गाऱ्हाण्यात बरं मागताना नाव घेतात, कुणाला बाहेर काढायचं असलं की नाव घेत नाहीत. नाव घेतलं तर तो शाप होतो आणि शाप देणाऱ्याकडे परत येतो, अशी समजूत आहे. म्हातारा हुशार. पण गावातली, बाहेर राहून रोज रोग्यांना हात लावणारी एकच होती, आणि "घरादारापासून" म्हणजे कुणाच्या ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मी ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. म्हाताऱ्यासाठी नाही, मागच्या आवाजांसाठी. आवाज ओळखू येत होते. मला पोहायला शिकवणारा काका होता, बाबांचा सख्खा भाऊ. शाळेतल्या बाई होत्या, ज्यांच्या बीपीच्या गोळ्या मी घाटावरून आणून द्यायचे. चुलत भावाचाही असणारच, फोन हातात धरून. सगळे अगदी मनापासून, एका सुरात. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. दुसरा बूट घालून मी कामाला गेले आणि त्या दिवशी इतकं काम केलं की नर्स म्हणाली, जरा बस. बसले असते तर मी कुणाला तरी मारलं असतं.

गाऱ्हाणं घातलं की गाव ते पाळतो. आमच्या परड्यात विहीर आहे म्हणून पाणी सुटलं नाही, बाकी सगळं सुटलं. मासेवालीने आमच्या फाटकाशी थांबणं बंद केलं, टोपली डोक्यावर घेऊन ती मान न वळवता पुढे जायची. गिरणीवाला म्हणाला, दळण मागाहून पाठवा, आणि ते 'मागाहून' कधीच उजाडलं नाही. काकाने दोन घरांमधल्या पायवाटेवर काजूच्या फांद्या आडव्या टाकल्या. बाबा जहाजावर उभा जन्म काढलेला माणूस, त्यांना एकटेपणाची सवय. आईला नाही. आईचा दिवस म्हणजे चार घरी डोकावणं, कुणाला कढीपत्ता देणं, कुणाकडून विरजण आणणं. फोनवर ती म्हणायची, "माका काय झाला नाय. तू जेवलंस मा?" पण ती दुपारी पडवीत न बसता आतल्या खोलीत बसते, हे बाबांनी मला सांगितलं.

मग चतुर्थी आली. आमच्याकडे चतुर्थीला वाडीतले लोक घरोघरी फिरतात. आरत्या, भजन, आणि भजन संपलं की त्या घरचं काही तरी खाऊन पुढच्या घरी. आमचं घर काळ्या वाटाण्याच्या उसळीचं. आईची उसळ म्हणजे भजनी मंडळ आमच्या घरी मुद्दाम शेवटी यायचं, म्हणजे निवांत बसून खाता येतं. त्या वर्षी मोठ्या भजनांना बंदी होती, पण पाच-सहा जण तोंडाला फडकं बांधून आरतीला फिरत होते. सगळ्या घरी गेले. आमच्या फाटकापर्यंत आले, टाळ थांबले आणि ते पुढे गेले.

आईने मोठा टोप भरून उसळ केली होती.

मी तिला फोनवर विचारलं, "कोणासाठी केलंस इतकी?"

"येतीत कोण तरी, म्हणान केलंय."

"इले?"

"पाऊस होतो मा." पाऊस नव्हता. मी त्याच जिल्ह्यात होते, आकाश मलाही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तिने तो सगळा टोप माडाच्या आळ्यात ओतला. हेही बाबांनीच सांगितलं. विसर्जनाला वाडीतले गणपती एकापाठोपाठ एक जातात. आमचा सगळे परत आल्यावर गेला. बाबा डोक्यावर मूर्ती घेऊन पुढे आणि आई मागे हातात आरतीचं तबक घेऊन, वाट मोकळी.

मी ठरवलं की या म्हाताऱ्याला मी सोडणार नाही. काय करणार ते ठरलं नव्हतं. एक गोष्ट मात्र मला हवी होती आणि ती अगदी स्पष्ट होती. ज्या देवळात, ज्या माणसांसमोर त्याने आईचं घर तोडलं, तिथेच आणि त्याच माणसांसमोर ते त्याने आपल्या तोंडाने परत जोडायला हवं. माफी मला नको होती. मला त्याची मान खाली झालेली बघायची होती.

देवाने माझं फार लवकर ऐकलं. चतुर्थी होऊन थोडे दिवस झाले आणि म्हातारा स्ट्रेचरवरून आमच्या वॉर्डात आला.

कसं झालं ते त्याच्या सुनेने फोनवर सांगितलं. गावाच्या रस्त्यावर बांबू आडवा टाकून पहारा बसवणारा हाच. आणि आपला झील, म्हणजे मुलगा, चतुर्थीला मुंबईहून येतोय म्हटल्यावर यानेच त्याला खाडीच्या बाजूने होडीतून आणला, माडांमधून मागच्या दाराने घरात घेतला. झिलाला नुसती सर्दी झाली. म्हाताऱ्याला ताप आला, मग दम. हे ऐकून मला आनंद झाला. चांगली जिरली, असं मी मनात म्हटलं आणि मग फोन ठेवून मोठ्यानेही म्हटलं. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

सुटात आम्ही सगळे सारखेच दिसायचो, म्हणून प्रत्येक जण छातीवर मार्करने आपलं नाव लिहून घ्यायचा. त्या दिवशी मी माझं नाव लिहू दिलं नाही. मैत्रिणीला सांगितलं, गावाचं नाव लिही आणि त्याखाली बाबांचं. ती म्हणाली, "हे काय?" मी म्हटलं, "लिही गं." आणि मी त्याच्या खाटेपाशी जाऊन, त्याला वाचता येईल अशी उभी राहिले.

त्याने वाचलं. डोळे मिटले. मला फार बरं वाटलं.

पण त्याच दुपारी तो भलतंच वागू लागला. मास्क काढून बाजूला ठेवायचा. पेज तोंडातून बाहेर काढायचा. पालथं झोपवायला गेलं की खाटेच्या कडेला घट्ट धरून बसून राहायचा. ऑक्सिजन खाली उतरत होता. आमचे डॉक्टर विदर्भातले, त्यांना त्याचं बोलणं कळेना. ते मला म्हणाले, "काय म्हणताहेत बघ जरा. भ्रम झालाय का?"

मी खाली वाकले. म्हातारा तुटक तुटक बोलत होता.

"माजा गाऱ्हाणा माकाच लागला. नाव घेवक नाय मी. जो कोण हाडता, असा सांगलंय. हाडलंय मीयाच."

मी मास्क पुन्हा त्याच्या तोंडाशी नेला. त्याने तो हाताने बाजूला केला.

"शिवेभायर ठेव म्हणान मीयाच सांगलंय. देवान आयाकल्यान. बघ, ठेवल्यान. आता तो माका आत घेवचो नाय. मगे ही नळी कशाक?"

भ्रम नव्हता. त्याचं डोकं अगदी ताळ्यावर होतं. नाव न घेण्याची हुशारी त्याच्याच अंगाशी आली होती. माझं नाव घेतलं असतं तर गाऱ्हाणं माझ्यावर राहिलं असतं. जो कोण म्हटलं, आणि तो कोण निघाला तो हाच. रुग्णालय गावच्या शिवेबाहेर, आणि तो त्यात. त्याच्या हिशेबाने देवाने निकाल दिला होता आणि तो निकाल मानून घेणं एवढंच आता त्याचं काम होतं.

मी डॉक्टरांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुझ्या गावचे आहेत ना? मग तूच बघ. असेच बसून राहिले तर उद्याची खात्री नाही."

मी परत गेले. म्हाताऱ्याने माझ्या छातीवरचं नाव पुन्हा वाचलं आणि दोन्ही हात जोडले. एका बोटाला क्लिप होती, तिचा लाल दिवा चमकत होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत तो म्हणाला, "बा देवा म्हाराजा..." मग खूप वेळ श्वास. "ज्या चेडवाक आणि ज्या घराक मी तोडलंय..." पुन्हा श्वास. "ता तोडलेला आज मी जोडतंय, ता मान्य करून घे रे म्हाराजा."

आणि तो थांबला. मागच्या होकारासाठी थांबला.

वॉर्डात इतर माणसं होती, पण कुणी कणकवलीकडचं, कुणी बाजारपेठेतलं, आणि सगळी आपापल्या श्वासात गुंतलेली. होकार देणारं गाव मागे नव्हतं, मी एकटी होते. मला सांगायला हवं की शब्द जिभेवर आला होता. लहानपणापासूनची सवय, तो थांबला की ओरडायचं. मी दात आवळून धरले.

त्याने मान वळवली. "म्हण गो बाय. व्हय म्हण."

"हंय नाय, आजोबा."

"मगे खंय?"

"देवळात. जितक्या माणसांनी व्हय म्हटला, तितक्याच माणसांसमोर. माझ्या आवशीसमोर. नाव घेवन. तेवा मी व्हय म्हणतलंय."

"आणि मेलंय तर?"

"तर माझ्या तोंडातसून व्हय येवचा नाय."

मी हे अगदी मनापासून बोलले. त्या क्षणी त्याचं काही बरंवाईट झालं असतं तरी मी म्हणाले नसते. त्याने ते ओळखलं. आमच्याकडची माणसं एकमेकांचा राग बरोबर ओळखतात. मग तो खाटेच्या कडेवरून आत सरकला.

"पालथो घाल माका," तो म्हणाला.

छातीखाली उशी, कमरेखाली उशी, मान एका बाजूला. मास्क मी स्वतः घट्ट बसवला. त्या दिवसापासून मी ड्यूटीवर आले की पहिली त्याच्या खाटेशी जायची आणि विचारायची, "देवळात येवचा हा मा?" तो मास्कमधून मान हलवायचा आणि न सांगता पालथा व्हायचा. पेज मी भरवायची. चमचा पुढे करताना मला कधी दया आली नाही. तो एकेक घोट गिळायचा आणि मी मनात म्हणायची, जग, म्हाताऱ्या, तुला देवळात उभा करायचाय.

तो वाचला. माझ्या सुडाने वाचला असं मी म्हणणार नाही, औषधांनी आणि ऑक्सिजनने वाचला. डॉक्टर मला सगळ्यांदेखत म्हणाले, "पेशंटला असं समजून घेता आलं पाहिजे." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तो घरी जायला निघाला तेव्हा वॉर्डातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मी त्याच्याबरोबर दारापर्यंत चालत गेले आणि म्हटलं, "दसऱ्याक येतंय मी."

दसऱ्याला मी गेले. आई नको म्हणत असताना तिला घेऊन देवळात गेले. गाऱ्हाणं दुसऱ्याच माणसाने घातलं. म्हाताऱ्याचा निरोप होता, छाती अजून भरलेली आहे, गाऱ्हाण्याइतका दम पुरत नाही. त्याला दम किती पुरतो ते मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्याला वॉर्डाच्या लांब व्हरांड्यात चालवून, क्लिप बघून मगच सोडलं होतं, आणि चालवणारी मी होते. घरी येऊन मी फोन केला. त्याच्या सुनेने उचलला. मी म्हटलं, आजोबांना सांग, मी वाट बघतेय. मग गावी आले की मी मुद्दाम त्याच्या अंगणासमोरून जायची, चप्पल वाजवत, सावकाश. तो पडवीत बसलेला असायचा. मला बघून आत जायचा. एकदा मी उलट फिरून पुन्हा त्याच वाटेने आले आणि तो पुन्हा बाहेर येऊन बसला होता, त्याला पुन्हा आत जावं लागलं. असं करताना मला खूप मजा यायची.

शेवटी जत्रेच्या आधी तो उभा राहिला. त्या वर्षी जत्रा नावापुरती होती, पण गाऱ्हाण्याला गाव आलं होतं, सगळ्यांची तोंडं मास्कने झाकलेली. आई माझ्या शेजारी खांबाला टेकून उभी होती. म्हातारा वाळला होता. त्याने हात जोडले आणि सुरुवात केली. आवाज पूर्वीसारखा नव्हता, तरी पोचत होता.

"बा देवा म्हाराजा, ह्या जागेवर उभो रवान मी जा गाऱ्हाणा घातलंय, ता चुकीचा होता."

"व्हय म्हाराजा."

मग त्याने नावं घेतली. माझं घेतलं, बाबांचं घेतलं, आईचं घेतलं. आमच्या घराचं घेतलं. "पिडा मीयाच हाडलंय," असंही म्हणाला, ते मी त्याला सांगितलं नव्हतं. "ह्या घराक आणि ह्या रयतेक परत एक कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी याच क्षणाची इतके महिने वाट पाहिली होती. म्हाताऱ्याची मान खाली होती, अगदी मला हवी तशी. पण मला तिकडे बघायचं सुचलंच नाही, कारण मी मागचे आवाज ऐकत होते. तेच आवाज होते. काका, शाळेतल्या बाई, चुलत भाऊ. आणि सूर तोच. तोडताना ज्या सुरात व्हय म्हटलं होतं त्याच सुरात जोडतानाही म्हटलं, तितकंच मनापासून, तितकंच सहज. एकाचाही आवाज अडखळला नाही. मी इतके दिवस एका म्हाताऱ्याच्या मागे लागले होते. त्याने निदान मरणाची भीती तरी भोगली. या बाकीच्यांना तर कळलंही नाही की आपण काही केलं होतं.

म्हातारा वळून माझ्याकडे बघत उभा होता. शब्द दिला होता, म्हणून मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." त्याने आईकडे बघितलं. आईने तोंड उघडलं नाही. मला वाटलं, ती बावरली असेल. इतक्या दिवसांनी माणसांत आली होती.

दुसऱ्या दिवसापासून सगळं पूर्ववत झालं. काकाने काजूच्या फांद्या उचलल्या. मासेवाली फाटकाशी टोपली उतरवून म्हणाली, "वैनी, आज बांगडे ताजे आसत." आईने बांगडे घेतले, तिच्याशी चार गोष्टी बोलली. गिरणीवाल्याने दळण स्वतः आणून दिलं आणि आईने त्याला चहा दिला. मी आतून धुमसत होते. तिला म्हटलं, "तुला काहीच वाटत नाही?" ती म्हणाली, "वाटान काय करूचा?" आणि तांदूळ निवडू लागली. मला तिचाही राग आला. राग बाबांकडूनच आलाय, असं मी तेव्हा ठरवून टाकलं.

पुढची चतुर्थी आली. भजनी मंडळ या वेळी जवळजवळ पुरं होतं. नेहमीप्रमाणे आमचं घर शेवटचं ठेवलं होतं. दिवेलागणी होऊन गेली होती, पडवीत चटया अंथरल्या होत्या. काकाने मृदंग वाजवला, शाळेतल्या बाई टाळ्या वाजवत बसल्या होत्या, म्हातारा भिंतीला टेकून झेपेल तेवढा सूर धरत होता. आरत्या झाल्या. आईने प्रत्येकाच्या हातावर खिरापत ठेवली, देवाची म्हणून, एकालाही चुकवलं नाही. स्वयंपाकघरातून काळ्या वाटाण्याच्या उसळीचा वास येत होता. पेटीवर कापड घातलं गेलं, माणसं ऐसपैस मांडी घालून बसली. हे बसणं सगळ्यांना ठाऊक असतं. आता आतून बशा येतात.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उंबऱ्यावर बसली. हात मांडीवर. तिच्या बाजूला तो मोठा टोप होता, घासून लख्ख केलेला, पालथा घातलेला.

कुणी म्हणालं, भजन बरं झालं. कुणी म्हणालं, यंदा उकडतंय. मी आत जायला उठले तर आईने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी पुन्हा बसले. बाबा गणपतीसमोरच्या समईची वात सारखी करत राहिले. बराच वेळ गेला. शेवटी काकाच हसून म्हणाला, "वैनी, वास तर बरो येता गो."

"उसळ गेल्या वर्साक केल्लंय," आई म्हणाली. आवाज फोनवर असायचा तसाच, नेहमीचा. "मोठो टोप भरून. तेवा येवक व्हया होता."

एकाच्या हातात टाळ होते, ते वाजले नाहीत. आई सगळ्यांकडे बघत होती, एकेकाकडे, सावकाश, आणि मला कळलं की ती थांबली आहे. गाऱ्हाणं घातल्यावर मानकरी थांबतो तशी.

"व्हय," म्हातारा म्हणाला. एवढंच.

मग तो काठी टेकत उठला आणि त्याच्यामागे बाकीचे उठले. कुणी कुणाकडे बघितलं नाही. काका मृदंग विसरून गेला. फाटक लावल्याचा आवाज आला तेव्हा आई उठली, तिने चटया गुंडाळल्या, टोप उचलून फळीवर ठेवला आणि मला म्हणाली, "पाना घे गो. बापाशीक भूक लागली असतली." मी आत गेले. चुलीवर लहान पातेलं होतं आणि त्यात उसळ होती, आम्हा तिघांपुरती.